सात पाण्यांची कालवं

तुळसा कालवं सात पाण्यांनी धुवायची, आणि हे तिच्या सासूला ठाऊक नव्हतं.

मांडवीच्या किनाऱ्यावरून गावात जाणाऱ्या वाटेवर एक विहीर होती. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी पाणी गोड. ओहोटीला खडकांवरच्या शिंपल्यांतून फोडून काढलेली कालवं मडक्यात घेऊन तुळसा तिथे थांबे. मडक्यातलं गढूळ, खारं पाणी वाटेच्या कडेला ओतून देई आणि पोहऱ्यामागून पोहरा काढत बसे. पहिल्या पाण्यात शिंपल्यांचा चुरा निघे, दुसऱ्यात वाळू, तिसऱ्यापासून पाणी निर्मळ. तरी ती सात पाणी पुरी करी. धुऊन झाली की कालवं फुगून पांढरी, टपोरी दिसत. मग तिला त्यांच्याकडे नीट बघवे.

ती मंडणगडच्या डोंगरातली. तिच्या आईचा एकच नियम होता: जे पोटात जाणार ते गोड्या पाण्याने धुवायचं, तांदूळ असो की भाजीचा पाला. घरी समुद्र कुणी पाहिला नव्हता, पण मासळीचं वावडं नव्हतं. सुकट, बोंबील, ओढ्यातले खेकडे ती लहानपणापासून खात आली होती. लग्न मुंबईत ठरलं. तिचा काका आणि मांडवीचा गंगाराम एकाच गोदीत ओळखीचे झाले, आणि दोन पुरुषांनी एका संध्याकाळी जे ठरवलं त्यात मुलीला काय खाववेल आणि काय नाही हा प्रश्न अर्थातच निघाला नाही.

मार्गशीर्षात लग्न झालं. एकोणीसशे सत्तावीस साल. पौषात गंगाराम आगबोटीवर खलाशी म्हणून गेला. एकदा गेला की दोन दोन वर्षं घराकडे फिरकता येत नसे. सासरा पूर्वीच वारलेला. घरात सासू सगुणा आणि तुळसा, दोघीच राहिल्या.

सगुणा उंच, काटक बाई. मांडवीच्या खडकांवरची तिची कालवं गावात नावाजलेली होती. साऱ्या जन्मात तिने दुसरा धंदा केला नव्हता आणि दुसरं काही तिला तितकं आवडतही नव्हतं. गंगाराम गेल्याच्या चौथ्या दिवशी ती सुनेला घेऊन खडकांवर उतरली. पहाटेची ओहोटी होती. सगुणाने टोकदार लोखंडाने शिंपल्याचं झाकण उचकटलं आणि आतलं कालव लोखंडाच्या टोकावर तुळसाच्या ओठांशी धरलं.

तुळसाने पाहिलं. राखाडी, बुळबुळीत, कडेला काळी झालर असलेलं काहीतरी, आणि ती झालर हळूच आत ओढली जात होती. ते जिवंत होतं. तिच्या पोटातून काहीतरी वर आलं. नवी सून खडकावर सासूच्या पायांशी ओकली तर काय होईल, एवढंच तिच्या मनात आलं, आणि ती बोलून गेली.

"मी देवाला बोललेय आत्याबाई. ते सुखरूप घरी येईपर्यंत शिंपल्यातलं खायचं नाही असं."

सगुणाचा हात तसाच थांबला. मग तिने ते कालव अलगद पाण्यात सोडलं आणि पदराने डोळे पुसले. पुन्हा तिने आग्रह केला नाही. तुळसाला वाटलं, सुटले.

आठवड्याने शेजारची चिमा पाणवठ्यावर म्हणाली, "तू बरी आलीस गो या घरात. सगुणाकाकीने पण कालवं सोडली. सून माझ्या पोरासाठी सोडते आणि मी गिळत बसू काय, म्हणाली." आणि वर हसून तिने भर घातली, "तिने कालवं सोडली म्हंजे मांजरीने दूध सोडलं."

तुळसाचा हंडा त्या दिवशी नीट भरला नाही. देवाला ती काही बोललीच नव्हती. पण आता ते सांगायचं कसं? पोरासाठी म्हणून एक म्हातारी आपली सगळ्यात आवडती चीज सोडून बसली होती, आणि तिच्या त्यागाच्या मुळाशी होती फक्त सुनेची मळमळ. आज सांगू, उद्या सांगू करता करता पावसाळा आला आणि गेला.

पुढच्या मार्गशीर्षात सगुणा शेवाळलेल्या खडकावरून घसरली. खुब्याचं हाड दुखावलं. वैदूने झाडपाला बांधला, माणूस उठून बसलं, काठी धरून अंगणात येऊ लागलं, पण खडक तिच्यासाठी संपले. लोखंड तुळसाच्या हाती आलं.

ती शिकली. तिथीवरून ओहोटी कशी धरायची, उधाणाच्या दिवसांत दूरचे खडक कसे उघडे पडतात, पाण्याकडे कधी पाठ करायची नाही, हे सगळं तिने अंगणात बसलेल्या सासूकडून विचारून विचारून घेतलं. हातावर शिंपल्यांचे चरे उमटले आणि बुजले. एकच गोष्ट तिने विचारली नाही, कारण ती विचारण्यासारखी आहे असंच तिला वाटलं नाही. सगुणा कालवं त्यांच्याच पाण्यात, तशीच गढूळ विकायची. तुळसाला ते आळसाचं लक्षण वाटायचं. आपण धुऊन देऊ, म्हणाली ती स्वतःशी. लोक खूश होतील.

पहिले काही दिवस झालेही. केवढी पांढरी, केवढी मोठी, असं म्हणत बायकांनी मडक्यात डोकावून पाहिलं. मग हळूहळू दारं मिटू लागली. कुणाकडे पाहुणे येणार नव्हते, कुणाकडे सोमवार होता, कुणी आतूनच "आज नको" म्हणायचं. तोंडावर वाईट कुणी बोललं नाही. सगुणाचा मान होता तो. तुळसा आणखी मन लावून धुवायची. पाच पाण्यांची सात झाली ती याच दिवसांत. उरलेली कालवं ती चिमाच्या बदकांना घालायची आणि घरी सगळी खपली म्हणून सांगायची.

सगुणाचंही त्या काळात काहीतरी बिनसलं होतं. शिमग्यानंतर ती गप्प झाली. टपालवाला दगडी पायऱ्यांच्या पाखाडीच्या टोकाला दिसला की ती काठी टेकत लगबगीने आत जाऊन माजघरात बसे. गंगारामचं पत्र आलं, तो सुखरूप असल्याचं शाळेतल्या मास्तरांनी मोठ्याने वाचून दाखवलं, तरी तिच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला नाही. तुळसाला वाटे, खुबा दुखत असेल.

दुसरा मोसम सुरू झाला तेव्हा कालवं घेणाऱ्या चौदा घरांपैकी तीन उरली होती. त्यातलं मोठं घर झाडगावातल्या मालनबाईंचं. त्यांचे यजमान कोर्टात कारकून. घर खाणारं, आल्यागेल्याचं. त्यांच्या दाराकडे बघून बाकीची दोन घरं घेत. मालनबाई जिभेने तिखट, पण मापाला कधी हुज्जत घालत नसत. त्या दिवशी त्यांनी मडक्यातलं एक कालव बोटांनी उचललं आणि परत टाकलं.

"तुळसा, तुझी कालवं म्हणजे भिजलेला कापूस. सासूच्या कालवांना मसाला लागत नसे. तुझ्यांना मसाल्याखेरीज चवच लागत नाही. चव तरी बघतेस काय कधी?"

शेजारच्या पडवीतून दोन बायका ऐकत होत्या.

"एक खा बघू माझ्यासमोर."

तुळसाने मान खाली घातली. मग तिने तेच जुनं वाक्य पुन्हा उच्चारलं. नवरा परत येईपर्यंत सोडलंय म्हणून. पण या वेळी ते तिच्या स्वतःच्याच कानाला खोटं लागलं.

मालनबाई चिडल्या नाहीत. म्हणून तर ते जास्त लागलं. त्या म्हणाल्या, "नवस तुझा. त्याला मी काय म्हणणार? पण जे घरचं माणूस तोंडात घालत नाही, ते आम्ही कशाच्या भरवशावर घालायचं? परवा ये. एक कालव इथे उभं राहून खा, मग माप घेते. नाहीतर येऊ नकोस. उगाच एवढं चालतेस."

मडकं जसंच्या तसं डोक्यावर घेऊन तुळसा परतली. मालनबाईंचं दार मिटलं तर मागची दोन मिटणार, आणि मग सगुणाच्या नावाची कालवं या गावात कुणी घेणार नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं. आगबोटीवरून येणाऱ्या पैशात वर्ष निघत नसे. घर त्या खडकांवर उभं होतं.

खायला हवं होतं. पण खायचं म्हणजे नवस मोडायचा, आणि सगुणाच्या लेखी तो नवस खरा होता. मुलाच्या आणि समुद्राच्या मध्ये उभा असलेला. चोरून खाल्लं तरी परवा संध्याकाळपर्यंत ते झाडगावातून मांडवीत आलं असतं. वाटेतल्या विहिरीशी तुळसा थांबली, पण आज तिला धुण्यासारखं काही दिसेना.

सगुणा ओटीवर माशांचं जाळं शिवत बसली होती. दुपार उतरत होती. तुळसाने मडकं तिच्यासमोर ठेवलं, खाली बसली आणि मालनबाई काय म्हणाल्या ते सांगितलं. मग न थांबता पुढचं सांगितलं, कारण थांबली असती तर पुन्हा दोन वर्षं गेली असती.

सगुणाने जाळं मांडीवरून खाली ठेवलं.

"देवाला बोलली नव्हतीस?"

"नाय."

"तुळशीपुढे?"

"नाय."

"मनात तरी?"

"मनात काय नव्हतं आत्याबाई. नुसतं पोट ढवळत होतं."

तुळसा वाट बघत होती, शिवी येईल, माहेरचा उद्धार होईल, निदान उठून आत जाईल. सगुणाने दोन्ही तळहात तोंडावर दाबले. तिचे खांदे हलू लागले. रडते आहे असं वाटून तुळसा पुढे सरकली, तर म्हातारी हसत होती. हसता हसता डोळ्यांतून पाणी येत होतं, त्यामुळे दोन्ही खरंच होतं.

"मी खाल्लं गो," ती म्हणाली. "गेल्या शिमग्याला. तू मडकं ठेवून न्हायला गेलीस, आणि मला राहवलं नाय. एकच."

मग तिने सगळं सांगितलं. कालव तोंडात टाकलं आणि त्याला चवच नव्हती. मीठ नाही, समुद्र नाही, काहीच नाही. पन्नास वर्षं जी चव तिच्या जिभेवर होती ती एकाएकी गेली होती. तिला कळून चुकलं: सुनेच्या शब्दावर पाय देऊन खाल्लं म्हणून देवाने चव काढून घेतली. जिभेवर निभावलं तर ठीक, पण देव तिथेच थांबेल कशावरून? त्या दिवसापासून टपालवाला दिसला की ती माजघर गाठी. पत्र सुखरूपतेचं आलं तरी ते एक महिना जुनं असतं, आणि महिन्यात बोटीचं काय होईल कुणी सांगावं, असं तिला वाटत राही.

"दहा महिने," सगुणा म्हणाली. "दहा महिने मी माझ्या पोराला बुडताना बघतेय, आणि तू बोललीच नव्हतीस."

तुळसाने तिचे पाय धरले. सगुणाने तिच्या डोक्यावर टपली मारली, जोराने नाही आणि अगदी हळूही नाही. मग तिने मडकं पुढे ओढलं, दोन बोटांनी एक कालव उचललं आणि तोंडात टाकलं. चावलं. भुवया वर गेल्या. दुसरं उचललं.

"नाय," ती म्हणाली, पण आता त्या आवाजात भीती नव्हती. एखादी कारागीर बाई दुसरीचं काम तपासते तसा तो आवाज होता. "अजून पण चव नाय. मग हे माझ्या जिभेचं नव्हे. काय केलंस गो तू यांचं?"

"धुतली."

"कशात?"

"विहिरीवर. सात पाण्यांनी."

"गोड्या पाण्यात?"

तुळसाने मान हलवली. आता ती आईचा नियम सांगू लागली, तांदूळ, भाजी, पाला, पण अर्ध्यावरच तिचं तिलाच उमगत गेलं. सगुणाने कपाळावर हात मारून घेतला.

"तुळशे, शेतातलं विहिरीवर धुवावं. समुद्रातलं समुद्रावरच हिसळावं आणि त्याच्याच पाण्यात घरी आणावं. गोडं पाणी कालव पितं, फुगतं, आणि आपलं आहे नाय ते सगळं सोडून देतं." थोडं थांबून तिने विचारलं, "आणि खपायची कशी मग ती?"

"खपत नव्हती. चिमाकाकीची बदकं खायची."

"तरीच मेली एवढी माजलीत," सगुणा म्हणाली, आणि पुन्हा तिला हसू आलं.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेआधी तिने तुळसाकडून नारळ मागून घेतला. देवळापर्यंत जाणं तिला होणार नव्हतं, म्हणून देवळाच्या दिशेला तोंड करून ती ओटीवरच उभी राहिली आणि गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं नेहमी पुरुष घालतात, पण घरात पुरुष होता कुठे. "बा देवा महाराजा," ती म्हणाली, "माझी सून जे बोललीच नाय ते तुझ्या कानावर गेलं असेल, तर गेलं नाय असं समज. आणि मी जे खाल्लं ते माझ्या नावावर मांडलं असशील, तर पुसून टाक. पोरगी डोंगरातली आहे, तिला समजून घे. पोरगा पाण्यावर आहे, त्याच्यावर नजर ठेव." तुळसाने मागून "होय महाराजा" म्हटलं. नारळ पहिल्याच फटक्यात सरळ फुटला. सगुणाने दोन्ही भकलं उजेडात धरून पाहिली आणि समाधानाने मान हलवली.

परवाचा दिवस उजाडण्याआधी दोघी निघाल्या. सगुणा काठी आणि तुळसाचा खांदा धरून किनाऱ्यापर्यंत आली आणि कोरड्या वाळूत बसली. एक वर्षानंतर ती इथवर आली होती. अमावास्या होऊन दोन दिवस झाले होते, पाणी दूर हटलं होतं आणि खडकांच्या पाठी काळ्या ओल्या दिसत होत्या. तुळसाने जवळच्या खडकावर लोखंड घातलं, झाकण उचकटलं, आणि कालव तसंच शिंपल्यात, त्याच्या पाण्यासकट, सासूकडे आणलं.

"मला कशाला?" सगुणा म्हणाली. "तू खा."

"तुम्ही आधी."

"मी पन्नास वर्षं आधीच आहे. बघू नकोस. डोळे मीट, आणि चावल्याशिवाय गिळू नकोस. गिळलंस तर आयुष्यभर घाबरशील."

तुळसाने डोळे मिटले. आधी ओठांना शिंपल्याची खरखरीत कड लागली. मग गार पाणी, आणि त्यामागून ते. डोळ्यांत पाणी आलं, पण तिने चावलं. मीठ आलं. मिठामागून काहीतरी गोडसर आलं, कोवळ्या शहाळ्याच्या मलईसारखं पण त्याहून दाट, आणि शेवटी जिभेच्या कडांवर लोखंडाची चव राहिली. तिने गिळलं. पोट ढवळेल म्हणून ती वाट पाहत उभी राहिली. ते ढवळलं नाही. थोडा विचार करून जणू स्वस्थ राहिलं.

"कसं?" सगुणाने विचारलं.

"वाईट नाय," तुळसा म्हणाली.

हे तिचं शेवटपर्यंतचं मत होतं. पुढे चाळीस वर्षं ती खडकांवर गेली आणि रोज एक कालव तिने खाल्लं, पण आवडतं असं ती कधी म्हणाली नाही. गंगाराम पुढच्या वैशाखात परतला, धट्टाकट्टा, काळाभोर होऊन. आईने आणि बायकोने मिळून त्याला ही गोष्ट सांगितली तेव्हा त्याने विचारलं की मग मला सुखरूप आणलं कुणी. सगुणाने सांगितलं, बोटीच्या इंजिनाने.

पण ते नंतरचं. त्या सकाळी दुसरं कालव सगुणाने खाल्लं. तोंड मिटून ती कितीतरी वेळ चघळत बसली. उजाडायला लागलं होतं. तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सुटत, सैल होत जाताना तुळसाला दिसलं, आणि ती काही न विचारता पुन्हा खडकांकडे वळली. मडकं भरलं तेव्हा तिने कालवं तिथेच, खडकांमधल्या डबक्यात हिसळली आणि त्याच पाण्याने मडकं काठोकाठ भरून घेतलं.

विहिरीवरून जाताना तिचा पाय सवयीने अडखळला. ती थांबली नाही.

झाडगावात मालनबाई दारातच होत्या, शेजारच्या पडवीतल्या दोघीही होत्या. तुळसाने मडकं खाली उतरवलं, एक कालव उचललं आणि खाल्लं. तिचे डोळे क्षणभर मिटले. मालनबाईंनी ते पाहिलं.

"नवस फिटला वाटतं?"

"फिटला," तुळसा म्हणाली.

मालनबाईंनी मडक्यात वाकून पाहिलं. पाणी गढूळ होतं, कालवं लहान दिसत होती. त्यांनी त्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. मग आत गेल्या आणि मोठं पातेलं घेऊन आल्या, नेहमीचं नव्हे, पाहुणे आल्यावरचं. पडवीतल्या दोघींपैकी एक उठून घरात गेली. तिच्याही घरातून भांड्यांचा आवाज आला.

ऊन डोक्यावर यायच्या आत तुळसा परतीच्या वाटेला लागली. मडकं हलकं होतं. विहिरीवर तिने पोहरा सोडला, पोटभर पाणी प्यायली, आणि उरलेल्या पाण्याने रिकामं मडकं धुतलं. ते एका पाण्यात स्वच्छ निघालं.